दिवसा मिळणारी मदत

कांताबाई कुणाच्या घरी बसत नसत. कामावरून परतताना माझ्या दाराच्या चौकटीला खांदा टेकवून उभ्यानंच चहा प्यायच्या. "बसले की उठवत नाही, ताई," म्हणायच्या.

आता त्यांनी कुकटपल्लीतली खोली सोडलीय. आमच्या घराच्या मागेच राहायच्या. माणसं मूळची उदगीरकडची, पण कांताबाईंचा जन्म याच शहरातल्या गौलीगुड्यातला. बोलण्यात 'हो'च्या जागी 'हौ' सहज यायचं. त्या औषधाच्या गोळ्या पॅक करण्याच्या कारखान्यात, नवरा देविदास वॉचमन. दोघं राबूनही महिना सरत आला की त्यांच्या एकुलत्या रेणुकाच्या ताटात भात आणि चारू, म्हणजे चिंचेचं पातळ सार, एवढंच असायचं.

मिळण्यासारखं बरंच होतं. रेशन होतं, सरकारी दवाखाना होता. पण कुठंही जायचं तर खाडा, आणि खाड्याचा पगार कापला जाई. "मदत हाय हो ताई, पण ती दिवसा भेटते. दिवसा आमी कामावर." तक्रारीचा सूरही नसायचा, तेवढं त्राणच उरलेलं नसे.

रेणुका पाचवीत जाणार तेव्हा मी त्यांना सरकारी निवासी शाळेबद्दल सांगितलं. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं फुकट.

"म्हंजे पोरगी देऊन टाकायची."

"शिकायला पाठवायची, कांताबाई."

"हौ. तेच."

तरी दाखल्यांसाठी त्यांनी खाडे केले, सुपरवायझरची बोलणी खाल्ली. रेणुकाचा नंबर लागला. सोडायला मीही गेले होते. फाटकाशी पोरीनं आईचा पदर घट्ट धरला.

"आई, मी कमी जेवीन. मला घरी ने."

कांताबाईंनी तिची बोटं हळूहळू सोडवली. "हितं पोटभर जेव," एवढंच म्हणाल्या आणि वळल्या.

दसऱ्याच्या आधी पालकांना भेटू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर निघालेल्या कांताबाईंना मी बसस्टॉपवर गाठलं.

"कशी आहे रेणुका?"

"अंगानं भरली, ताई. गाल वर आलेत. निघताना रडली बी नाही."

"मग चांगलंच झालं की!"

"हौ, चांगलंच झालं." त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. "माझ्यापाशी होती तवा मला वाटायचं, पोरीची चणच बारीक हाय."