रविवारचं अळू

मुलांनो, आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई दर रविवारी मुलगा-सून-नातवासाठी साग्रसंगीत मराठी स्वयंपाक करतात आणि शनिवारपासूनच सुतकी चेहरा करून हिंडतात. निशातगंजच्या बाजारातून अळूची जुडी आणताना जिन्यातच मला थांबवतात. "करावंच लागतं हो! नाहीतर या लखनौत घराला वळण काय राहणार?" वळण उत्तम आहे. नातू अळू ताटाच्या कडेला सारतो आणि विचारतो, "दादी, पिझ्झा मंगवा लें?"

गेल्या महिन्यात सून प्रेमाने म्हणाली, "मम्मीजी, आप थक जाती हैं. अब संडे को हम बाहर खा लेंगे." इतक्या वर्षांनी सुटका झाली, म्हणून मी बाईंचं अभिनंदन केलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भेटायला पांढरी साडी नेसून आले होते.

पुढच्याच रविवारी साडेअकराला माझी बेल वाजली. दारात बाई उभ्या होत्या. हातातल्या डब्यात वरण-भात, अळू, कोशिंबीर, सगळं होतं.

"तुम्ही एकट्या. तुमच्यासाठी कोण करणार?" त्या म्हणाल्या.

आत माझा कुकर जोरजोरात शिट्ट्या देत होता. मी जाऊन गॅस बंद केला आणि दोन पानं घेतली.