ह्यांच्या याचिकेवर माझं नाव

माझे यजमान विधानसभेला अपक्ष उभे राहिले आणि थोडक्या मतांनी पडले. निवृत्त मुख्याध्यापक, डिपॉझिट वाचलं असतं तरी आमच्या बिल्डिंगने पेढे वाटले असते. पण जिंकलेल्या उमेदवाराने प्रतिज्ञापत्रात स्वतःवरचा एक फौजदारी खटला दाखवलाच नव्हता, असं ह्यांना नंतर कळलं. ह्यांनी हायकोर्टात निवडणूक याचिका घातली. तारखा पडत राहिल्या. साक्षी सुरू व्हायच्या आधीच एका सकाळी दाढी करताना ह्यांच्या छातीत कळ आली. जवळच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दिवसकार्य व्हायच्या आत आमदार भेटायला आले. ज्यांच्याविरुद्ध याचिका होती, तेच. ह्यांच्या फोटोला हात जोडून ते खुर्चीवर बसले.

"वहिनी, सरांशी माझं वैर नव्हतं."

"हो."

"त्या केसचं टेन्शन घेऊ नका. आता ती आपोआप बंद होईल."

मी त्यांना चहा दिला. सुतकात चहा विचारत नाहीत, हे माझ्या लक्षातच आलं नाही. त्यांनी तो मुकाट्याने संपवला.

त्यानंतर ह्यांच्या वकिलांचा फोन आला. याचिकाकर्ता गेला की याचिका संपते, ते म्हणाले, पण तशी नोटीस राजपत्रात छापून येते, आणि त्यानंतर चौदा दिवसांत मतदारसंघातला कुणीही मतदार त्याच्या जागी उभा राहू शकतो. "तुमचं नाव मतदारयादीत आहेच. विचार करा."

मी विचार केला नाही. ठाण्याहून मुलगा आलेला, त्याला सांगितलं.

"आई, कशाला? बाबांनाच झेपलं नाही ते."

"वकील विचारतायत रे."

"ते विचारतायत म्हणून सही करणार तू?"

मी सही केली. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, सरांची लढाई तुम्ही पुढे नेताय, फार धीराच्या आहात. मी मान डोलावली. मला तर कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या हेसुद्धा त्या दिवसांत कळत नव्हतं.

माझी साक्ष झाली तेव्हा समोरचे वकील अदबीने बोलत होते.

"आमदारांवरच्या त्या फौजदारी खटल्याबद्दल सरांनी घरी काय सांगितलं होतं?"

"ते घरी फार बोलत नसत."

"म्हणजे तुम्हाला स्वतःला काहीच माहिती नाही?"

"नाही."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला बसायचंय का?" मी नको म्हटलं. पाय दुखत होते, पण दुसऱ्या कुणाचे तरी दुखावेत तसे.

याचिका चालू असतानाच विधानसभेची मुदत संपली. पुन्हा निवडणूक लागली, तेच आमदार पुन्हा उभे राहिले आणि या वेळी आरामात निवडून आले. मीही मतदान करून आले. बोटाची शाई तेवढी आठवते.

पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी सांगितलं की ज्या सभागृहाच्या जागेबद्दल वाद होता ते सभागृहच उरलेलं नाही, त्यामुळे याचिकेला आता अर्थ नाही. दोन मिनिटांत पुढचं प्रकरण पुकारलं गेलं. बाहेर येऊन वकील म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. आपण चूक होतो असं कोर्टाने म्हटलेलं नाही."

"बरोबर होतो असं?"

"तसंही नाही."

घरी आल्यावर मुलाचा फोन आला. "काय झालं?"

"संपलं."

"म्हणजे हरलो का?"

"नाही. निकाल लागलाच नाही."

तो म्हणाला, "जेवलीस का?"

मी हो म्हटलं. फोन ठेवून दार लावलं, साडी न बदलताच पलंगावर आडवी झाले. रडू येईल असं वाटलं होतं. झोप लागली.