सगळ्या पाड्याचं मत

आमच्या पाड्यात मत एकट्यादुकट्याचं नसायचं. निवडणूक आली की चिंचेखाली बैठक बसायची. ज्याला भांडायचंय त्यानं तिथंच भांडून घ्यायचं. एकदा ठरलं की प्रत्येक घरातलं एक माणूस पानाच्या दोन्यात ताडी घ्यायचं, देवाच्या नावानं थेंबभर जमिनीवर सांडायचं आणि उरलेली पिऊन टाकायचं. थेंब पडला की शब्द दिला. मग तो मोडायची कुणाची टाप नव्हती.

२०१४ नंतर उधव्याच्या बाजारात नवनवे झेंडे आले, उपरणी आली, फुकटच्या टोप्या आल्या. शेजारच्या गावांत सख्खे भाऊ वेगवेगळ्या गाड्यांतून प्रचाराला जायला लागले. आमचा पाडा मात्र एकगठ्ठा जुन्या झेंड्याबरोबर राहिला. त्यातही सगळ्यात पक्का माझा बा. मोर्चा म्हटलं की हातातला विळा टाकून निघायचा. "या झेंड्यानं आपल्याला ताठ चालायला शिकवलं," असं दिवसातून एकदा तरी ऐकवायचा. ताठ चालायचा तो. हंडे वाहून मान वाकली होती ती आयेची.

कारण नळाची लाइन शेजारच्या पाड्यापर्यंत येऊन थांबली होती. पुढे का नाही, तर म्हणे आमच्याकडे चढ आहे. डोंबलाचा चढ! तिकडे पुढाऱ्यांचे सोयरे राहत होते, आमच्याकडे कुणी नव्हतं, एवढंच. वैशाखात आमच्या बायका ओहोळाच्या वाळूत खड्डा खणून वाटीवाटीनं हंडा भरायच्या. आये त्यातलीच एक.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. तिथं झेंड्याचं चिन्ह नसतं, पण पॅनेल कुणाचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या वॉर्डातली जागा बाईसाठी राखीव होती. आयेनं ती मागितली. बा स्वतः तिला घेऊन झेंड्याच्या पुढाऱ्यांकडे गेला. त्यांनी चहा पाजला, "बघू" म्हणाले आणि जागा दिली शेजारच्या पाड्यातल्या एका सुनेला. तिच्या अंगणात नळ आधीच होता!

या खेपेला बैठक बायकांनी बोलावली. आये अपक्ष उभी राहील, चिन्ह कपबशी, आणि सगळा पाडा तिलाच मत देईल, असं ठरलं. बा खाली मान घालून बसला होता. आमच्या घराची पाळी आली तेव्हा त्यानं दोना घेतला, थेंब सांडला आणि ताडी पिऊन टाकली. मी समोरच होते. मला त्याचा इतका अभिमान वाटला की काय सांगू!

मतदानाला वापीहून मजूर टेंपोनं आले, झाईच्या मासेमारी बोटींवरचे आमचे खलाशी रजा काढून आले. निकाल ऐकायला आम्ही सगळ्या बायका तलासरीला गेलो.

आये एका मतानं पडली.

पाड्याची मतं आम्ही आधीच मोजून ठेवली होती, त्यात एक कमी निघालं. येताना टेंपोत जी ती दुसरीच्या तोंडाकडे चोरून बघत होती. मला वाटलं, समोर बसलेल्या माझ्या काकूनंच घात केला. पाण्यावरून तिचं आणि आयेचं कधी पटलं नव्हतं. मनातल्या मनात मी तिला शिव्या घातल्या, तिच्या आईबापालाही सोडलं नाही. सगळ्यांवर संशय घेतला मी. एक माणूस सोडून.

संध्याकाळी बा घरी आला तो कपाळभर गुलाल घेऊन. पॅनेलची मिरवणूक रस्त्यानं गेली, त्यांनी ओढलं म्हणाला. मग ओट्यावर बसला आणि कुणी विचारलं नसताना बोलायला लागला.

"माझं एकच मत होतं. सगळा पाडा तुलाच देणार होता. तू येणारच होतीस. म्हटलं, मग झेंड्याशी तरी बेइमानी कशाला?"

त्याला खरंच तसं वाटलं होतं. पैसे खाल्ले असते तर निदान त्याच्या तोंडावर थुंकता तरी आलं असतं.

"थेंब सांडलास ना रे तू?" मी ओरडले. "सगळ्यांसमोर सांडलास ना?"

तो उठला आणि तोंड धुवायला हंड्याकडे गेला. आयेनं हंड्यावर हात ठेवला. "हे मी खणून आणलंय," ती म्हणाली. "तुला पायजे तर ओहोळावर जा."

तो तसाच उभा राहिला. घामानं गुलाल गळ्यापर्यंत ओघळला होता. मला त्याची जराही दया आली नाही, आजही येत नाही. आयेचा आवाज चढला नाही, पण ती रडत होती.

"लगीन झाल्यापासून तू सांगशील तिथं मत देत आले," ती म्हणाली. "एकदाच तुझं मागितलं होतं रे."