साडूंची हलकी गाडी

जग सुधारायला निघालेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण जगाचं वजन उतरवायला निघालेला माणूस एकच, तो म्हणजे आमचे वरोऱ्याचे थोरले साडू. त्यांची कापसाची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायची गिरणी, आहे. घरी सगळं खाऊनपिऊन सुखी, अंगावर त्या सुखाची साक्ष भरपूर, आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांनी कुणा हौशी माणसाने बांधलेली, दोन आसनांची, बिनछताची, बुटकी लाल स्पोर्ट्स कार विकत घेतली. रस्त्यावर चालवायचे कागद तिला नाहीत. ती पळवायची फक्त ट्रॅकवर, हौशी लोकांना दिवसभरासाठी भाड्याने मिळतो तशा. असा ट्रॅक पार दक्षिणेत. तिथे जाऊन ही गाडी एकदा मनासारखी वळवायची, एवढंच साडूंचं स्वप्न होतं. त्यासाठी आधी ती ‘सेट’ करायची होती, आणि सेट करणं म्हणजे मुख्यतः काढून टाकणं, कारण गाडी जेवढी हलकी तेवढी वळणावर चपळ.

त्यांनी हॉर्न काढला, गालिचा काढला, स्टेपनी काढली, शेजारचं आसन काढलं. उरलेल्या पत्र्याला भोकं पाडली. जगातली प्रत्येक वस्तू ते वजनात पाहू लागले. मी एकदा संत्राबर्फीचा डबा नेला, तर तो हातावर तोलून म्हणाले, “किलोभर असन ना? एवढ्या वजनासाठी म्या गाडीचा आरसा काढला.” माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि घरीही कुणाचं चुकलेलं सोडत नाही. ती आतूनच म्हणाली, “गाडीची चरबी काढून राह्यले, पोटाची कोन काढन?” साडूंनी ते ऐकलंच नाही. त्या पोटामुळे स्टिअरिंग पुरतं फिरत नव्हतं, म्हणून त्यांनी स्टिअरिंग लहान बसवलं.

वजन करायला ते गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवून धरमकाट्यावर नेत. ऐन हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, आणि मधेच हे लाल खेळणं. नुसतं एकदा वजन करून भागत नसे. आधी पुढची दोन चाकं काट्यावर, मग मागची दोन, मग डाव्या बाजूची, मग उजव्या. मागे शेतकरी खोळंबलेले. एकाने न राहवून विचारलं, “काऊन जी भाऊ, थोडी थोडी इकून राह्यले का गाडी?” त्यात तो काटा ट्रकांसाठीचा, दहा किलोच्या आतला फरक दाखवायचा नाही. साडू चार नटबोल्ट काढून पुन्हा हजर, आकडा जिथल्या तिथे. मग ते काटेवाल्याशी भांडत. वरोऱ्यात कापसाच्या वजनावरून भांडणं रोजची. पण वजन जास्त भरलं म्हणून भांडणारं गिऱ्हाईक त्या बिचाऱ्याने पहिल्यांदाच पाहिलं.

चालवून बघायला जागा म्हणजे जिनिंगचं आवार, आणि ते रिकामं होणार कापूस संपल्यावर, मे महिन्यात. आपल्याकडचा मे! भर दुपारी डोक्याला ओला दुपट्टा, त्यावर हेल्मेट, अशा थाटात साडू टायरातली हवा कमीजास्त करत. फेरी मारून आले की हात लावून टायर किती तापला ते बघायचे आणि बोटं चोळत बसायचे. त्या उन्हात उभी असलेली बैलबंडीसुद्धा तेवढीच तापली असती, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

तीन वर्षं हे चाललं. दर दिवाळीला मी विचारायचो, “मग, ट्रॅकवर केव्हा?” उत्तर ठरलेलं, “अजून दोन किलो निंगू द्या साडूभाऊ.” वरोऱ्यात त्यांचं हसं झालं होतं आणि त्यात माझा वाटा मोठा होता. लग्नकार्यात मी त्यांच्या नकला करून माणसं हसवायचो. शेवटी मेहुणीने कुणाला न सांगता ट्रॅकचा दिवस ठरवला, पैसे भरले आणि त्यांना सांगितलं, “आता जा, नाईतर भंगारात देतो मी हे.” त्या रात्री साडू जेवले नाहीत. वजन कमी करायला असेल, असं मी सगळ्यांना सांगितलं.

मीही सोबत गेलो, खरं सांगायचं तर गंमत बघायला. डिसेंबरची सकाळ, अंगात स्वेटर. साडू ट्रॅकवर उतरले आणि त्यांच्यामागून आलेली प्रत्येक गाडी त्यांच्या पुढे गेली. बाजारात घेतलेली साधी घरगुती गाडीसुद्धा गेली. वळण दिसलं की आमची लाल गाडी लांबूनच ब्रेक मारायची आणि नव्या सुनेसारखी जपून जपून वळायची. थोड्याच फेऱ्यांत ते आत आले. हेल्मेट काढलं, तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

तीन वर्षांची थट्टा माझ्या ओठांवर तयार होती. पण उलट मीच त्यांना सबब पुढे केली, “टायरातली हवा आपल्या मे महिन्याच्या हिशोबाची होती हो. या थंडीत टायर कसे धरतील?”

“नाई साडूभाऊ,” ते म्हणाले, “हवा मी सकायीच बराबर केली. गाडी लय मस्त बसली हाये. मीच भेलो.”

मग ते गाडीच्या चाकाला टेकून बसले. उरलेला दिवस आमच्या नावावर होता, पण पुन्हा उतरा असं म्हणायचा मला धीर झाला नाही. मला त्यांच्याविषयी इतकं वाईट वाटेल, असं कधी वाटलं नव्हतं.

गाडी आता जिनिंगच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली असते. मी गेलो की साडू सरकीचे भाव सांगतात, पावसापाण्याचं बोलतात, चार शहाणी माणसं बोलतात तसं सगळं. मला ते अजिबात सहन होत नाही. परवा मी मुद्दाम ताडपत्री उचलून म्हणालो, “मागचं उजवं चाक जरा बाहेर कललंय का हो?” पूर्वी या एका प्रश्नावर त्यांनी चाकांना दोरी लावून मापं घेत संध्याकाळ केली असती.

“असन,” ते म्हणाले आणि त्यांनी चहा सांगितला.