अण्णांचा गुडघा आणि मीटरची केबल

आमच्या गाडीच्या मीटरची केबल अण्णांचा गुडघा लागून सुटली नव्हती. ती मी सोडली होती. या उजव्या हाताने.

एवढं साधं वाक्य बाहेर यायला मला बारा वर्षं लागली. बायकोला सांगितलेलं नाही, मुलीला नाही. देवाला सांगायला एकदा गेलो होतो, पण मागे रांग होती. (मी मुळातच कमी बोलतो. घरात माझ्यापेक्षा फ्रिजचा आवाज जास्त येतो.)

अण्णा म्हणजे माझे सासरे. विरारला राहतात. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात विम्याचे एजंट झाले. नवा एजंट पहिली शिकार नातेवाइकांत करतो, हा नियमच आहे. त्यातून मी नुकतीच सेकंडहँड गाडी घेतलेली. बदामी रंगाची. गास गावच्या रस्त्यालगतच्या आमच्या चार मजली बिल्डिंगमध्ये मिळून तेवढी एकच गाडी! अण्णांना ती मुळीच पटली नव्हती. "स्टेशनला बस जाते. बाजार पायाखाली आहे. हवा खायला घराला खिडक्या आहेत. मग गाडी कशाला?"

तरी विमा उतरवायला ते आले आणि शाळेत नवीन मुलाचं नाव घालावं तशी गाडीची चौकशी सुरू केली. त्यातले निम्मे प्रश्न त्यांचे स्वतःचे होते, हे मला फार उशिरा कळलं.

"रंग?"

"बदामी."

"काही खोड?"

"थंडीत सकाळी लवकर उठत नाही."

"म्हणजे आमच्या नीलिमासारखी. बरं, वर्षाला साधारण चालते किती?"

मी गडबडलो. गाडी जितकी जास्त फिरेल तितका विम्याचा हप्ता जास्त, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. (कुठे, ते विचारू नका. अशा गोष्टी माणूस ऐकत नाही, त्या आपोआप कानात उगवतात.) शिवाय समोर 'गाडी कशाला' म्हणणारे सासरे!

"छे! चालते कसली? उभीच असते," मी म्हणालो. "रविवारी देवळापर्यंत. वर्षाला फार तर हजारभर किलोमीटर."

स्वयंपाकघरात चहाची गाळणी खाली पडली. माझी बायको नीलिमा ट्रे घेऊन बाहेर आली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि साखर न घातलेला कप माझ्यापुढे ठेवला.

कारण खरं सांगायचं, तर आमच्या गाडीला उभं राहायला फुरसतच नव्हती. मला नाही म्हणता येत नाही. तोंडातून 'ना' निघतो, पुढचं 'ही' येईपर्यंत समोरचा गाडीत बसलेला असतो! सगळ्यात आघाडीवर आमचे शेजारी पास्कूकाका. निर्मळच्या रस्त्याला त्यांची केळीची वाडी. ते सकाळीच दारात उभे.

"सावंत, पोरीचा लगीन हाय. नवरीला काय टेम्पोत बशवू?"

नवरी टेम्पोत बसणार या कल्पनेनेच मला भरून आलं. त्या लग्नाला गेली ती गाडी मग लग्नांतच राहिली. चर्चमधली लग्नं, देवळातली लग्नं, बारशी, बाप्तिस्मे, कुणाची मावशी कामणहून आणायची, कुणाचा जावई तिथेच सोडायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या राऊतमावशींना दर मंगळवारी डॉक्टरकडे न्यायचं. बॉनेटवर रिबिनी इतक्या चढल्या-उतरल्या की गल्लीतल्या पोरांना वाटायचं, ही गाडी कारखान्यातूनच अशी येते.

आता पंचाईत अशी, की पुढच्या वर्षी अण्णा मीटर बघणार. विद्यार्थ्याची प्रगती तपासल्याशिवाय त्यांनी कुणाला वरच्या वर्गात ढकललं नव्हतं. एका लग्नात चर्चबाहेर वरपक्षाचा ड्रायव्हर सावलीला बसला होता. मी सहज गेल्यासारखा त्याच्याकडे गेलो.

"एका मित्रासाठी विचारायचं होतं. गाडी चालू आणि मीटर बंद, असं होऊ शकतं का?"

"होतं की. मीटरच्या मागे केबल असते. हाताने नट फिरवला की सुटते. मित्राचं नाव काय?"

"सावंत," मी म्हणालो. (पहिला गुन्हा होता. सवय नव्हती.)

त्या दिवसापासून लग्न असलं की केबल सोडायची, घरचं काम असलं की जोडायची. केबल सुटली की किलोमीटरचे आकडे थांबतात तसा वेगाचा काटाही मरतो. भरधाव गाडीत काटा शून्यावर! पास्कूकाका पुढे बसायचे, त्यांच्या नजरेतून हे सुटलं नाही.

"सावंत, गाडी चालते तं काटा का झोपलाय?"

"जुनी आहे ना, काका."

"मी पन जुनाच हाय. पन चालताना उभा ऱ्हातो."

वर्षाने अण्णा आले, मीटर पाहिला, चष्मा पुसून परत पाहिला. नंतर त्यांच्या घरी सत्यनारायणाला जमलेल्या सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले, "संयम शिकावा तो आमच्या जावयाकडून. दारात गाडी आहे, पण माणूस पाय वापरतो!" मी मान खाली घालून प्रसाद खाल्ला आणि विरारहून घरी आलो. गाडीनेच. केबल सोडून.

माणसाने इथे थांबायला हवं होतं. मी थांबलोही असतो, पण अण्णा एक दिवस लाजत लाजत म्हणाले, "जावईबापू, मला गाडी शिकवता का? नाहीतरी ती उभीच असते. तिलाही जरा व्यायाम."

साठीचा माणूस! उभ्या जन्मात सायकलच्या पुढे वाहन नाही. शिकाऊ परवाना काढून आले. 'एल' ची पाटी त्यांनी स्वतः रंगवली. लाल रंगातलं असं घोटीव अक्षर मी सरकारी पाटीवरही पाहिलेलं नाही. रविवारी सकाळी मी बाजूला बसायचो आणि आम्ही गासहून निर्मळच्या तळ्यापर्यंत जाऊन यायचो. गिअर टाकताना ते मोठ्याने "पहिला! दुसरा!" असा पुकारा करायचे. तिसरा पडला की स्वतःच "हजर!" म्हणायचे. फुलांच्या पाट्या बांधलेले सायकलवाले बाजूला थांबून नमस्कार करायचे. (भीतीने. पण अण्णा प्रत्येकाला मान लववायचे.) नीलिमा म्हणायची, "बाबांना इतकं खुशीत मी शाळेचा निकाल शंभर टक्के लागला तेव्हाही पाहिलं नव्हतं."

आणि एका शनिवारी पास्कूकाकांच्या नातवाचा बाप्तिस्मा झाला. परत आल्यावर केबल जोडायची मी विसरलो.

रविवारी अण्णा रस्त्याला लागले. पहिला. दुसरा. तिसरा, हजर. आणि मग म्हणाले, "जावईबापू, काटा हलत नाही."

एक खरं वाक्य पुरलं असतं. अण्णांनी गाडी बाजूला घेतली असती, मला चार शब्द सुनावले असते, विषय संपला असता. त्याऐवजी मी म्हणालो, "तुम्ही फार हळू चालवता, अण्णा. जरा वेग दिला की हलेल."

जन्मभर मुलांना 'सांगितलं तसं करा' म्हणणारा माणूस. त्यांनी सांगितलं तसं केलं.

"आता हलला?"

"अं... नाही अजून."

"आता?"

"अण्णा, पुढे बघा!"

"बघतो, पण काटा..."

पुढे वळण होतं. रस्ता वळला, आम्ही नाही. पाण्याचा पाट ओलांडून गाडी थेट केळीच्या वाडीत शिरली, तीन केळी आडव्या केल्या आणि शांत झाली. केळीचा एक घड सावकाश बॉनेटवर येऊन टेकला. कुणाला खरचटलंही नव्हतं. अण्णांनी मांडीवर पडलेला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि विचारलं,

"हलला का?"

तेवढ्यात पानं बाजूला सारत हातात कोयता घेतलेले पास्कूकाका आले. वाडी त्यांचीच निघाली. (आपण पडलो तरी ओळखीच्यात पडतो, एवढं एक बरं.)

"सावंत! केळी पायजे व्हती तं सांगायचा ना! घरी पोचवली असती!"

चेपलेली गाडी ढकलत बिल्डिंगखाली आणली. नुकसानभरपाईसाठी विमा कंपनीचे सर्व्हेअर आले. एजंट अण्णा, चालवणारे अण्णा, आणि मालक मी. अख्खी गल्ली गोळा झाली. साहेबांनी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, त्याबरोबर माझं तोंड उघडलं.

"साहेब, गाडी फिरत नाही हो फारशी. उभीच असते."

पास्कूकाकांना हे सहन झालं नाही. माझ्या बाजूने!

"उभी? आपला मोठेपना लपवू नको, सावंत! साहेब, माझ्या तिन्ही पोरी या गाडीतून चर्चमदे गेल्या!"

"दर मंगळवारी डॉक्टर," राऊतमावशी पुढे सरसावल्या. "पाऊस असो, ऊन असो. पोटचा मुलगा नेणार नाही!"

"मे महिन्यात तर एका दिवसात दोन वराती केल्यात!" मागून कुणीतरी ओरडलं.

मी खुणा करत होतो, लोकांना वाटलं मी विनयाने नको म्हणतोय. मग तर पैजच लागली. साहेबांनी शेवटी हात वर केला.

"भाडं घेतात का हे?"

"भाडा? च्या पन घेत नाय!" पास्कूकाका गरजले.

"मग झालं. किती फिरते हे मी विचारलंय का? रोज काशीला जाऊन आलात तरी हप्ता तोच."

"तोच?" मी विचारलं.

"तोच."

मी बॉनेटला टेकलो. (ते आणखी थोडं आत गेलं.) ज्या प्रश्नासाठी मी एवढा कारभार केला, तो प्रश्न विमा कंपनीचा नव्हताच!

साहेब आत वाकले. "ही मीटरची केबल सुटलीय."

मी बोलायला तोंड उघडलं होतं, आईशप्पथ. पण अण्णा पुढे आले.

"ते माझ्याकडून झालं. पाय लांब आहेत, माझा गुडघा वर लागतो. चूक चालवणाऱ्याची, साहेब. तसंच लिहा."

मी तोंड मिटलं.

भरपाई मंजूर झाली. साहेब गेल्यावर अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. "लोकांसाठी एवढं करता, आणि मला सांगितलंत 'उभीच असते'! केलेलं बोलून न दाखवणारा माणूस मी आज पाहिला." तो हात अजून खांद्यावर आहे, आणि जड आहे.

मग त्यांनी खाली बसून 'एल' ची पाटी सोडली, दोरी नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "वर्गात सांगायचो, लक्ष पुढे. आणि स्वतः काट्याकडे बघत बसलो. हे आपल्याला जमणारं नाही, जावईबापू."

त्या क्षणी मी त्यांना काय म्हणालो असेन? "चहा घेणार का?"

अण्णा पुन्हा स्टिअरिंगला बसले नाहीत. ती गाडी गेली, दुसरी आली. पुढच्या सीटवर बसायची वेळ आली की ते अजून दोन्ही हातांनी गुडघा बाजूला धरून बसतात. केबल सुटू नये म्हणून. (नव्या गाडीत ती केबलच नाही. हेही मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर विषय निघेल.) नीलिमाला सगळं माहीत असावं. गाडीच्या विम्याची तारीख आली की अजून माझ्या चहात साखर नसते.

अण्णा सत्तरी ओलांडून गेलेत. हात स्थिर आहे, नजर चांगली आहे. हातात पडेल ते छापील वाचतात आणि शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलने दुरुस्त करतात. हेही वाचतील. पाटी माझ्या कपाटात आहे, लाल रंग तसाच आहे.

गासहून निर्मळच्या तळ्यापर्यंतचा रस्ता मी त्यांना देणं लागतो, ड्रायव्हरच्या जागेवरून. आणि बाजूला बसून एक वाक्य: अण्णा, तुम्ही हळू चालवत नव्हता.

(आणि पास्कूकाकांना तीन केळीची रोपं. तीही राहिलीत.)