पांढुर्ण्यात वाढवलेले स्कॉटलंडचे केस

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असं कुणी विचारलं, तर मी माझ्या थोरल्या बहिणीचं नाव घेतो. आई-बाबा मध्य प्रदेशातल्या सौंसरला राहायचे. बाबा तिथल्या नगरपालिकेत नळाचं पाणी सोडायच्या कामावर होते. ताई पांढुर्ण्याला दिलेली. मला इतिहास घेऊन बी.ए. करायचं होतं आणि त्यासाठी पांढुर्ण्याचं कॉलेज धरलं, तेव्हा भाऊजी आणि लहान पोरगी यांच्यासह दीड खोलीत राहणाऱ्या ताईने मला तीन वर्षं ठेवून घेतलं. संत्र्याच्या हंगामात ती पेट्या भरायला जायची. संध्याकाळी परतली की तिच्या हातांना सालीचा वास असायचा, आणि त्याच हातांनी ती मला भाकरी वाढायची.

ही गोष्ट मी दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची, ऐंशीच्या दशकाच्या मधली.

आमच्या इतिहासाच्या सरांनी गॅदरिंगसाठी एक कार्यक्रम ठरवला. प्रत्येकाने एकेका देशाचा जुना वेश घालायचा आणि तो वेश तिथल्या लोकांनी का घातला, हे पाच मिनिटं हिंदीतून सांगायचं. कुणाला जपान आलं, कुणाला इराण. स्कॉटलंडचं चित्र पाहून वर्गात हशा पिकला. चित्रातल्या पुरुषाने गुडघ्यापर्यंत चौकडीचं वस्त्र चुण्या घालून नेसलं होतं, त्याचाच उरलेला पदर खांद्यावर टाकला होता. केस मानेपर्यंत लांब, मागे ओढून काळ्या फितीने बांधलेले, आणि कानाजवळ एक बारीक वेणी.

"हा घागरा कोण नेसन?" एक जण म्हणाला.

मी हात वर केला. का केला, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. वर्गात मी फारसं बोलत नसे. कुणीच घेत नाही ते आपण घ्यावं, एवढंच वाटलं असेल.

नागपूरहून केसांचा टोप भाड्याने मागवता येईल, असं सर म्हणाले. मी म्हटलं, वेळ आहे तर केस वाढवतो. सरांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि ते चित्र ज्यात होतं, ते जाडजूड पुस्तक मला घरी न्यायला दिलं. आमच्या घरात आलेलं ते पहिलं इंग्रजी पुस्तक. शब्दकोश जवळ घेऊन मी त्यातली वीस पानं दोन महिन्यांत वाचली. डोंगरातले ते लोक अंगभर एकच लांब वस्त्र वापरत. सकाळी ते जमिनीवर पसरायचं, त्याच्या चुण्या घालायच्या, त्यावर आडवं होऊन कमरेला पट्टा बांधायचा आणि उठायचं. रात्री तेच पांघरायचं. राजाविरुद्धच्या लढाईत ते हरले, तेव्हा सरकारने कायदा करून हा वेश घालायलाच बंदी केली. घातला तर तुरुंग. बंदी उठेपर्यंत एक पिढी म्हातारी झाली होती.

ताईला हे मी चुलीजवळ बसून सांगायचो. ती ऐकता ऐकता हसायची. "म्हंजे लुगडंच की रे ते," म्हणाली, आणि पेटीतून आपलं हिरव्या चौकडीचं जुनं लुगडं काढून दिलं. काठ आत दुमडले. चुण्या मला जमेनात. तिने एका हाताने पाहता पाहता घालून दाखवल्या.

केस मात्र लोकांच्या डोळ्यांत यायला लागले. दिवाळीपर्यंत ते कानांवरून खाली आले, थंडीत मानेला टेकले. आमच्या भागात तरुण माणसाने असे केस ठेवले की लोक एकच अर्थ काढतात. नवस बोलला आहे, फेडायच्या दिवशी देवीपुढे काढणार. कॉलेजातल्या पोरांना मी खरं सांगू शकत होतो. बाजारातल्या माणसांना काय सांगणार?

आम्ही बौद्ध. सौंसरच्या आमच्या वस्तीत नवस बंद व्हावेत म्हणून बाबा वीस वर्षं लोकांशी भांडले होते. आजारी पोराला देवीला नेऊ नका, डॉक्टरकडे न्या, म्हणून ते घरोघर फिरले. माझ्या आजीने माझं जावळ देवीसाठी राखायचा हट्ट धरला होता, तेव्हा बाबांनी स्वतः वस्तरा घेऊन माझं डोकं भादरून टाकलं होतं. अशा माणसाच्या पोराने केस वाढवले आहेत, हे पांढुर्ण्याच्या बाजाराला आलेल्या कुणीतरी पाहिलं आणि वस्तीत जाऊन सांगितलं. परीक्षेत पास होण्यासाठी पोरगं नवस बोललं, अशी त्यात भर पडली. लोक बाबांना नळावर विचारू लागले.

गॅदरिंगला दोन दिवस होते. रविवार होता. ताई माझे केस विंचरून कानाजवळची वेणी घालून पाहत होती, आणि दारात बाबा उभे. पहिल्या बसने आले होते. पाणीसुद्धा न मागता म्हणाले,

"काय करून राहिली तू?"

"येनी घालून राहिली," ताई म्हणाली.

"दिसून राहिलं मले. कोन्या देवीले बोलला हा?"

"बाबा, मी काही बोललो नाही," मी म्हटलं. "हे कॉलेजच्या..."

"तू चूप राह्य. लोकं मले तोंडावर म्हनून राहिले, दुसऱ्याले शिकवता अन् घरात काय चालू हाये. असेच धंदे असन तर कॉलेज बंद. साहेबाले बोलून ठेवलं हाये, नगरपालिकेत माह्या हाताखाली लागशीन उद्यापासून. उठ. न्हाव्याकडे चाल."

मी उठलो होतो. खरंच उठलो होतो. बाबांपुढे बोलायची मला सवय नव्हती. ताईने माझी वेणी सोडली नाही, त्यामुळे मला परत खाली बसावं लागलं.

"बाबा, तुमी बसा तर खरं," ती म्हणाली. "डोक्शाले हात लावाच्या आंधी याचं आयका. मंग न्या त्याले, मी नाई आडवत."

"माह्यासमोर बोलून राहिली तू?"

"हो. बसा."

बाबा बसले. बहुधा आश्चर्यानेच बसले. ताईने मला कोपराने ढोसलं आणि मी गॅदरिंगला म्हणायचं भाषण बाबांना म्हणून दाखवलं. घाबरून सुरुवात हिंदीत केली, मग मराठीत आलो. वस्त्राचं सांगितलं, केसांचं सांगितलं, फितीचं सांगितलं. बंदीचं सांगितलं तेव्हा बाबांनी मान वर केली.

"कपडा घातला म्हनून जेल?"

"हो."

"आपलाच कपडा?"

"हो बाबा."

त्यांनी पुस्तकातलं चित्र जवळ ओढून पाहिलं. मग म्हणाले, "माह्या बापाले गुडघ्याच्या खाली धोतर नेसू देत नोते. पाटलाच्या वाड्यावरून जाताना वर खोचा लागे." हे त्यांनी आम्हाला त्याआधी कधीच सांगितलं नव्हतं. ताईने चहा ठेवला. चहा पिऊन झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "कधी हाये ते तुमचं?"

ते परत गेले नाहीत. दोन दिवस ताईकडेच राहिले.

कार्यक्रमाच्या दिवशी मी मंचावर आलो तेव्हा शिट्ट्या वाजल्या. "ए बाई, पदर सांभाळ" असं कुणीतरी ओरडलं. मी पदर खांद्यावर सारखा केला आणि बोलायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली आणि मागच्या बाकांवरून आवाज आला, "मन्नत मांगी है क्या बे?" सगळा मंडप हसला. माझं पुढचं वाक्य गेलं.

तेव्हा मंडपाच्या कडेला उभे असलेले बाबा, पाणी सोडताना लांबच्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात म्हणाले, "नवस नोय तो. इतिहास होय. आयकून घ्या."

पोरं गप्प झाली. मी बोललो. पाच मिनिटांची आठ झाली, सरांनी घंटी वाजवली नाही. बक्षीस जपान झालेल्या मुलीला मिळालं, आणि ते योग्यच होतं, तिची छत्री फार सुंदर होती. पण खाली उतरल्यावर बाबा शेजारच्या अनोळखी माणसाला पुस्तकाची जाडी दोन बोटांनी दाखवून सांगत होते, "येवढं इंग्रजी वाचलं त्यानं."

कॉलेज सोडवायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. पुढच्या वर्षी मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात पहिला. निकाल लागला तेव्हा मी सौंसरला होतो. त्याच दुपारी ताईला पत्र लिहिलं. तिने ते जपून ठेवलं, म्हणून आज मला ते जसंच्या तसं देता येतं:

"प्रिय ताईस,

सप्रेम जयभीम.

मी सेकंड डिव्हिजनमध्ये पास झालो. इतिहासात चांगले गुण आहेत. सर म्हणतात एम.ए.ला सागर विद्यापीठात जा. बाबा हो म्हणाले आहेत. त्या रविवारी तू मला खाली बसवलं नसतं, तर मी आज नळाच्या चाव्या फिरवत असतो. भाऊजींना माझा नमस्कार सांग. तीन वर्षं त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही.

यापुढचं मी माझ्या मनाने लिहीत नाही. बाबा समोर बसले आहेत आणि सांगतात तसं लिहितो आहे. ते म्हणतात, तुला चौथीत शाळेतून काढलं ते चुकलं. तुझे मास्तर घरी आले होते, पोरगी हुशार आहे म्हणाले होते, तरी काढलं. पोरींना शिकवा असं लोकांना सांगत फिरलो आणि घरात केलं नाही, असं ते म्हणतात. तुझ्या पोरीला काढू नको. तिच्या वह्या-पुस्तकांचं ते पाहतील.

एवढं सांगून ते उठून बाहेर गेले आहेत. पत्र वाचून झालं की तूच उत्तर लिही. भाऊजींकडून लिहवून घेऊ नको. बाबांना तुझं अक्षर पाहायचं आहे."