झाडूवाल्या बाई

हायड्रोजनच्या आगीवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत बाई अठ्ठावीस वर्षं तंत्रज्ञ होत्या, पण सगळे त्यांना ‘झाडूवाल्या बाई’ म्हणत. हायड्रोजनची ज्योत भर उन्हात डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चाचणीच्या आवारात जाताना बाई लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालत. नव्या साहेबांना हसू आवरेना.

“बाई, झाडलोटीला माणूस आहे! आगीसाठी आपण कॅमेरा बसवलाय.”

“तुमच्या कॅमेऱ्याला टाकीमागचं दिसतं का हो, साहेब?”

साहेबांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर नजर टाकली. तिथे काहीच नव्हतं. ते तरातरा टाकीमागे निघाले. बाईंनी धावत जाऊन त्यांची कॉलर धरली, मागे खेचलं आणि झाडू पुढे केला. समोर नुसतं लख्ख ऊन होतं. पण झाडूचं टोक भक्कन पेटलं!

“गॅस बंद करा! आधी गॅस!” बाई कडाडल्या.

गॅस बंद झाला.

दुसऱ्या दिवशी साहेब झाडू पुढे धरूनच आले, अगदी छाती काढून. बाईंनी टोकाला हात लावला आणि कपाळावर मारून घेतला.

“साहेब, हा ओला आहे. हा झाडलोटीचा!”